टोपणं नंतर, आधी डीबी उघडा

ताई, घणसोलीच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग सुरू होतोय, गुडघ्याएवढ्या उंचीवर 14 सॉकेट आहेत, तर त्यात खुपसायची प्लास्टिकची टोपणं मागवावीत का, असं तुम्ही विचारलंय. ठाण्यात 26 वर्षं वायरिंग करतोय, त्या भरवशावर सांगतो: इतक्यात मागवू नका.

आधी डीबीत, म्हणजे सगळ्या सर्किटचे स्विच असलेल्या पेटीत, आरसीसीबी आहे का ते बघा, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. (जुने लोक ईएलसीबीच म्हणतात.) ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण दिसेल. एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, तो वायर जळू नये म्हणून असतो. पोराच्या अंगातून करंट जमिनीत उतरला तर 16 अँपिअरच्या एमसीबीला पत्ताही लागत नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्यावर लाइन तोडते. ते बटण दाबा, लाइट गेली पाहिजे. एका हॉलमध्ये मी दाबलं तर ढिम्म! बसवल्यापासून कुणी हातच लावला नव्हता.

पण मुलानं फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्हीला एकदम हात घातला तर आरसीसीबीलाही ते कळेलच असं नाही. म्हणून शटरचं सॉकेट हवं. मेन बंद करून भोकात टॉर्च मारा. आत प्लास्टिकचा पडदा दिसला तर शटर आहे, पितळ चमकलं तर नाही. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन लांब असते ती उगाच नाही. ती आधी आत जाते आणि पडदा सरकवते. गणपतीत डेकोरेशनवाले उघड्या वायरी काड्यापेटीच्या काड्यांनी ठासतात ना, त्यात हे शटर मोडतं. आणि आपण मोठी माणसं? दोन पिनचा चार्जर जात नाही म्हणून वरच्या भोकात रिफिल घालतो, तेही पोरांसमोर.

टोपणांचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये 2016 साली तिथल्या आरोग्य खात्यानं रुग्णालयांना आणि देखभाल केंद्रांना ती काढून टाकायला सांगितलं. तिथल्या सॉकेटना शटर असतंच, टोपणामुळे उलट ते उघडं राहू शकतं. आपल्याकडे शटरचाच भरवसा नाही, त्यामुळे त्यांचं जसंच्या तसं लागू होत नाही. पण सैल टोपण मी स्वतः एका पोराच्या तोंडातून काढलंय. त्यापेक्षा शटरवाली सॉकेट बसवून घ्या. पूर्ण वायरिंग बदलायला लागत नाही, वायरमनचं दिवसाभराचं काम आहे.

त्याच्याकडून अजून एक तपासून घ्या, स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर. न्यूट्रलवर असला तर बटण बंद असूनही सॉकेट जिवंतच. जुन्या बिल्डिंगमध्ये हे सर्रास सापडतं. वॉटर कूलरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडलेली नाही ना, तेही बघा.

वर्ग सुरू व्हायच्या आत वायरमन नाहीच मिळाला तर वर्ग चालू असेपर्यंत त्या सॉकेटचा एमसीबी पाडून ठेवा. पंखे-दिवे बहुतेक वेगळ्या सर्किटवर असतील. फक्त पाडल्यावर चौदाही सॉकेट टेस्टरनं तपासा, डीबीवरच्या चिठ्ठ्यांवर विसंबू नका.