अध्याय पुरा वाच

प्रिय मुली,

सलाम.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. मोबाइलवर अंगठ्याने उत्तर द्यावं असा तो नव्हता, म्हणून कागद घेतला. जातीच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तुझं नाव, आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत आलेली. यातलं खोटं कुठलं, असं तू विचारतेस. त्याखाली आणखी एक ओळ होती: शब्बाथशाळेच्या बाईंनी तुला सगळ्यांदेखत गेहजी म्हटलं. तिथे माझा चहा गार झाला. ते नाव मीही एकदा एकाला ठेवलं आहे.

बायबलमधलं 2 राजे, अध्याय पाचवा. सत्तावीस वचनं आहेत. बाईंनी विसाव्यापासून पुढे वाचलं असणार: अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी हा अरामी सेनापती नामानाच्या रथामागे धावला, खोटं बोलून चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि नामानाचं कोड त्याला चिकटलं. मुलांना घाबरवायला एवढं पुरतं. पण अठरा आणि एकोणीस कुठे गेली? जॉर्डनमधून बरा होऊन आलेला नामान अलीशाला म्हणतो की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो, तिथे मला वाकावं लागेल, तेवढ्याची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ‘शांतीने जा,’ एवढंच म्हणतो. एकाच अध्यायात दोन माणसं आहेत, बये. अध्याय पुरा वाच.

लगेच खूश होऊ नकोस. नामानाने मागितली ती क्षमा, परवानगी नाही. आणि कोणी पकडायच्या आधी, आपल्या सगळ्या माणसांदेखत, स्वतःहून मागितली.

‘अध्याय पुरा वाच’ हे वाक्य माझं नाही. माझ्या धाकट्या भावाचं आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमचे वडील खडी फोडायला जायचे, आम्ही दोघं शाळेत. पुढे नोकरीचा अर्ज आला तेव्हा मी ‘ख्रिस्ती’ लिहिलं. भावाने दाखल्यावर ‘हिंदू महार’ होतं तेच राहू दिलं, शिष्यवृत्ती घेतली, सरकारी खात्यात साहेब झाला. मी अकरा वर्षं विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवलं आणि त्याचा अभिमान उपदेशांतून मिरवला. सत्याची किंमत मी दिली, असं सांगायचो. दिली माझ्या बायकोने, शिवणाच्या मशीनवर.

1988 च्या नाताळात, आईसमोर, करंज्यांचं ताट मध्ये असताना मी त्याला गेहजी म्हटलं. तो चिडला नाही. ‘दादा, अध्याय पुरा वाच,’ म्हणाला, आणि अठरा-एकोणीस तोंडपाठ म्हणून दाखवली. मग चप्पल घालून गेला. त्यानंतर आमच्या घरी त्याचा नाताळ झाला नाही. 2011 मध्ये तो वारला तेव्हा आमच्या चर्चच्या पंचकमिटीत प्रश्न निघाला की रजिस्टरातून नाव गेलेल्या माणसाला कबरस्तानात जागा कशी द्यायची. मी त्या कमिटीत होतो. मी काही बोललो नाही. त्याला तालुक्याच्या स्मशानात अग्नी दिला.

म्हणून सांगतो, कोणाला गेहजी म्हणण्याचा हक्क मला राहिलेला नाही, आणि तुझ्या बाईंनाही कोणी दिलेला नाही.

त्यांना विचार, 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश वाचलाय का? त्याचा तिसरा परिच्छेद म्हणत होता की हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानायचं नाही. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. आपण आणि मुसलमान अजून बाहेर. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अटच नाही. एकाच महारवाड्यातली दोन घरं, एकच विहीर, गावाची नजर एकच. एका घराने दीक्षा घेतली, दुसऱ्याने बाप्तिस्मा. कागदावर दुसऱ्या घराचा इतिहास पुसला गेला. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये ही धर्माची अट काढा असं सांगितलं. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. आयोग येतात, मुलींचं वय वाढतं. मुलीला खोटं बोलण्याच्या काठावर कोणी आणून उभं केलं, हे न विचारता तिच्या खोट्याचा पंचनामा करायचा? हाही अर्धाच अध्याय.

आणि सरकारवर तरी एकट्या सरकारवर का रागवावं? ख्रिस्ती धर्मात जात नाही, असं सरकार म्हणतं. आपणही व्यासपीठावर तेच म्हणतो. मग सोयरीक जमवताना आपलेच वडीलधारे हळूच विचारतात, महार ख्रिस्ती का मांग ख्रिस्ती? बायबलात याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवतात, ते वाचताना आपल्याला परदेशातलं काही वाटतं. पाळकसाहेबांनी तुला रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय दाखवला म्हणतेस, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. पहिलं वचन दाखवलं ना? दहाव्यापर्यंत जा म्हणावं, प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही तिथपर्यंत. पुरा वाचा म्हणावं, साहेब.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण तू दिलंस, ते मला पटलं नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांचं घर आणि नातीगोती पणाला लागली होती, पण दाखल्याचा रकाना त्यांच्यापुढे नव्हता. त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंकडे बघ. नवऱ्याच्या मागोमाग त्या धावल्या नाहीत, त्यांनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ती पाच वर्षं आपण खोटेपणाची मोजतो का?

आता तुझा अर्ज. मी चुकलो होतो असं मला आजही वाटत नाही. तोच कागद परत समोर आला तर परत ‘ख्रिस्ती’ लिहीन. मात्र भावाच्या ताटासमोर तोंड बंद ठेवीन. तू काय लिहावंस? जे रविवारी आहेस ते सोमवारी लिही, असं माझं मन म्हणतं. नोकरी जाईल या भीतीने नव्हे. तरी भीतीही खोटी नाही. 26 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तू वाचलास: पाँडिचेरीच्या बाप्तिस्मा घेतलेल्या बाईंना हिंदू अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र नाकारलं गेलं. दहा वर्षांनी तुझ्या दारात पडताळणी येऊ शकते, तेव्हा हात जोडून शांतीने जा म्हणणारा अलीशा तिथे नसतो. पण लिहून मोकळी होऊ नकोस. लिहिलंस तर त्या तिसऱ्या परिच्छेदाविरुद्ध उभीही राहा, मोर्चाला ये, सह्या गोळा कर. नुसतं खरं लिहून मी तीस वर्षं स्वतःला संत समजत बसलो.

भावाचा थोरला मुलगा नगरच्या कोर्टात वकिली करतो, असलीच प्रकरणं बघतो. मुदतीआधी त्याला भेट. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. त्याने माझ्याबद्दल विचारलं, तर मी अजून त्याच घरात राहतो एवढं सांग.

तुझा
मास्तरकाका