फिजिओथेरपी सोडून मानसशास्त्राकडे वळू का?

‘मी ३७ वर्षांची फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं हेच काम करतेय. पाठदुखी घेऊन आलेली माणसं टेबलावर पालथी झोपली की बोलायला लागतात. मोडलेला संसार, गेलेलं मूल, सुटलेली नोकरी. मी ऐकते, पण पुढे काय बोलावं ते कळत नाही. मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. घरचे म्हणतात, या वयात पुन्हा श्रीगणेशा? आणि मलाही शंका येते, मी नुसती थकलेय का?’

प्रिय मैत्रिणी,

तुमची शेवटची शंका मी आधी घेते. तिचं उत्तर मिळेपर्यंत कुठेही अर्ज भरू नका. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाला खुर्चीत बसून ऐकण्याचं काम हलकं वाटतं. ते हलकं नसतं. शक्य असेल तर सलग दोन-तीन आठवडे रजा घ्या. झोप पुरी झाल्यावर ओढ विरली, तर तुम्हाला कामाचे तास किंवा कामाची जागा बदलायला हवी, व्यवसाय नव्हे. ओढ तशीच राहिली, तर पुढचं वाचा.

मी स्वतः आठ वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होते. मानसशास्त्राकडे वळल्यावर अभ्यास जड गेला नाही, जड गेलं ते हात मांडीवर ठेवून बसणं. शिकाऊ असताना एक बाई माझ्यासमोर बोलता बोलता गप्प झाल्या आणि मी लगेच त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवायला घेतला. नंतर माझ्या पर्यवेक्षकांनी त्या भेटीचं ध्वनिमुद्रण ऐकताना ते तिथेच थांबवून विचारलं, “इथे त्या काय सांगणार होत्या?” मला आजही माहीत नाही. दुखणं दिसलं की हात पुढे जाणं ही आपली शिकवण. ती सुटायला मला दोन वर्षं लागली. तुम्हालाही हेच अवघड जाईल असं वाटतं, कारण तुमचं सगळं कौशल्य हातांत आहे.

पण श्रीगणेशा वगैरे काही नाही. जुन्या दुखण्याचे रुग्ण तुम्ही रोज पाहता. जखम भरून आलेली असते, तरी माणूस वाकायला घाबरतो. न वाकल्याने स्नायू दुबळे होतात, दुखणं वाढतं आणि भीती खरी ठरते. हे चक्र थोड्या थोड्या हालचालीने तोडायचं असतं. भीतीच्या विकारांवर सायकॉलॉजिस्ट माणसाला त्याच्या भीतीला थोडं थोडं सामोरं नेतो, ते याच जातीचं आहे. वेदना उपचार केंद्रात ही दोन्ही अंगं जाणणारा माणूस मिळणं फार दुर्मीळ, आणि मला तुमची जागा तिथेच दिसते.

रुग्ण किती सुधारला हे मोजून पाहण्याची तुमची सवयही उपयोगी पडेल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी आधी मज्जाविकारशास्त्रात काम केलं, मग ते मनोविकारांकडे वळले आणि मनोविश्लेषण शिकले. नैराश्याच्या मुळाशी स्वतःवर उलटलेला राग असतो, हा मनोविश्लेषणातला सिद्धान्त त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासून पडताळायला घेतला. हाती आलं वेगळंच, त्या स्वप्नांत होतं हानी आणि अपयश. त्यातून १९६० च्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलण्याची उपचारपद्धती, उभी राहिली, तेव्हा ते चाळिशीत होते. पडताळून पाहण्याची ही वृत्ती या व्यवसायाच्या पायाशीच आहे. १९४९ साली अमेरिकेत बोल्डर इथे भरलेल्या परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना उपचार आणि संशोधन दोन्ही शिकवायचं असं ठरवलं. त्यामुळे संख्याशास्त्र तुम्हाला टळणार नाही.

आता व्यवहाराचं. फिजिओथेरपीची पदवी बहुधा मानसशास्त्राच्या पदवीऐवजी चालत नाही. नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये मानसशास्त्राच्या मान्यताप्राप्त शिक्षणानंतर तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. अमेरिकेत साधारणपणे डॉक्टरेट, देखरेखीखालचं काम आणि मग परवाना. समुपदेशनाच्या छोट्या डिप्लोमाने ही उपाधी मिळत नाही, जाहिरात काहीही म्हणो. फी भरण्याआधी नोंदणी करणाऱ्या संस्थेला लेखी विचारा की या अभ्यासक्रमानंतर नोंदणी होईल का. मग वर्षं, फी आणि त्या काळात घटणारी कमाई एका कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवा. त्यांची काळजी खरी आहे, तिला आकड्यांनीच उत्तर द्या.

आणि तोवर टेबलावर बोलणाऱ्या माणसांचं काय? त्यांच्यावर थेरपी करू नका, तुम्ही त्यांच्या फिजिओथेरपिस्ट आहात. हात थांबवा, ऐका, “हे आणखी कुणाशी बोललात का?” असं विचारा आणि योग्य माणसाकडे पाठवा. कुणी जगण्यात अर्थ नाही असं म्हणालं, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवून द्या.

रजेनंतर काय वाटलं, ते मला जरूर लिहा.