वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं: एक घर सरकवा आणि वजा करा

या महिन्यात टपालात भूमिती श्रेढीच भूमिती श्रेढी, म्हणजे दर पदाला एकाच संख्येने गुणत पुढे जाणारी आकड्यांची रांग. अकरावीच्या मुलांची पत्रं येणार हे ठाऊक होतं, पण एका गृहिणीचं आणि एका टॉवेल कारखानदाराचं पत्रही त्याच वाटेचं निघालं, म्हणून सगळी एकत्र घेते. पहिलं पद अ, गुणोत्तर र, पदांची संख्या न आणि बेरीज ब, एवढं ध्यानात ठेवा.

बाई, अंकगणिती श्रेढी दहावीत झाली, तेव्हा काही अडलं नाही. आता मात्र न वं पद काढताना र चा घात न − १ का घ्यायचा, ते कळत नाही. आणि बेरजेच्या सूत्रात खाली र − १ कुठून आलं? क्लासमध्ये विचारलं तर "पाठ कर, मार्क मिळतात" म्हणाले. — एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

दहावीतही अ + (न − १)द असंच होतं गं, द म्हणजे लागोपाठच्या दोन पदांतला फरक! तेव्हा न − १ चाललं, आता खटकलं. बरं झालं खटकलं ते.

सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड, पुणे. स्टेशनं चार, मधले टप्पे तीन. गुणाकार टप्प्यावर होतो, स्टेशनावर नाही. पहिलं पद आहे तसंच असतं, त्याला कुणी गुणलेलं नसतं. दुसऱ्या पदापर्यंत एकदा गुणलं, तिसऱ्यापर्यंत दोनदा, न व्या पदापर्यंत न − १ वेळा. ३, ६, १२, २४… या श्रेढीत ३०७२ कितवं पद, असं विचारलं की मुलं ३ ने भागून १०२४ काढतात, तो २ चा दहावा घात हेही ओळखतात आणि उत्तर "दहावं पद" लिहून मोकळी होतात. ते अकरावं आहे. टप्पे दहा झाले ना?

आता बेरीज. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त याचं झकास उदाहरण आहे (आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताचं, सिद्धरामेश्वरांचं शतकही तेच, बारावं). एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. महिन्यात किती निष्क (त्या काळचं मोठं नाणं) दिले? महिना तीस दिवसांचा धर आणि वहीत दोन ओळी लिही:

ब = २ + ४ + ८ + … + (२ चा ३०वा घात)
२ब = ४ + ८ + … + (२ चा ३०वा घात) + (२ चा ३१वा घात)

दुसरी ओळ म्हणजे पहिलीच, फक्त एक घर पुढे सरकलेली. खालच्या ओळीतून वरची वजा कर. मधली सगळी पदं कटतात, उरतात फक्त दोन टोकं: २ चा ३१वा घात वजा २. डाव्या बाजूला २ब − ब, म्हणजे नुसता ब. गुणोत्तर ५ असतं तर डावीकडे ५ब − ब, म्हणजे ४ब उरले असते आणि ४ ने भागावं लागलं असतं. तुझं खालचं र − १ ते हेच. म्हणजे ब = अ(र चा न वा घात − १) ÷ (र − १). सिद्धता विचारली तर हीच लिही, आकड्यांच्या जागी अक्षरं घालून.

कवड्या झाल्या २,१४,७४,८३,६४६. त्या काळच्या एका निष्कात २०,४८० कवड्या, म्हणून उत्तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी (ही उतरत्या किमतीची नाणी) आणि ६ कवड्या.

मला या उदाहरणापेक्षा जास्त आवडते ती आचार्यांची घात काढायची रीत. २ चा तिसावा घात काढायला एकोणतीस गुणाकार कोण करत बसेल? ते सांगतात: संख्या सम असेल तर निम्मी कर आणि शेजारी "वर्ग" लिही, विषम असेल तर एक कमी कर आणि "गुण" लिही. ३० चे १५ (वर्ग), १४ (गुण), ७ (वर्ग), ६ (गुण), ३ (वर्ग), २ (गुण), १ (वर्ग), ० (गुण). आता १ घेऊन ही यादी खालून वर वाच. गुण: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६,३८४. गुण: ३२,७६८. वर्ग: १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम फत्ते. ही युक्ती भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधी पिंगलाच्या छंदशास्त्रात येते. संगणकाला मोठे घात काढायला आजही बहुधा अशाच रीतीने शिकवतात. तुझ्या क्लासमध्ये सांगून बघ.

बाई, शेजारच्या वहिनी एका योजनेत ये म्हणून मागे लागल्यात. तीन हजार भरायचे, आपण पाच जणी आणायच्या, त्या प्रत्येकीने पाच. आठ पायऱ्या भरल्या की लाखो रुपये मिळतात म्हणे. ह्यांना पटत नाही, पण कागदावरचा हिशोब बरोबर दिसतो. — एक गृहिणी, अक्कलकोट रोड

ताई, हिशोब बरोबरच आहे, आणि गोम तिथेच आहे. ५, २५, १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५, ३,९०,६२५. ही आठवी पायरी. आठही पायऱ्यांची बेरीज वरच्या रीतीने: ५ × (३,९०,६२५ − १) ÷ ४ = ४,८८,२८०. सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास होती. तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं धरली तरी शहरातल्या दर दोघांतला एक जण एकट्या तुमच्या हाताखाली हवा. त्या आठव्या पायरीवरच्यांना पैसे मिळायचे तर नवव्या पायरीला १९,५३,१२५ माणसं लागतील. दहाव्या पायरीला जिल्हाच पुरणार नाही.

तुम्ही म्हणाल, मी वरच्या पायरीवर असेन, मला काय त्याचं. बरं, मग हे बघा. साखळी सातव्या पायरीला तुटो की आठव्या, शेवटच्या पायरीवरचा माणूस कुणालाच आणू शकलेला नसतो, त्याचे तीन हजार गेलेले असतात. असे किती? ३,९०,६२५ भागिले ४,८८,२८०, म्हणजे शंभरातले ऐंशी. सात पायऱ्या घेतल्या तरी ऐंशीच. हे प्रमाण (र − १) ÷ र यावर ठरतं, पायऱ्या वाढवून ते हलत नाही. पाचाऐवजी "दहा जणी आणा" म्हणाले तर बुडणारे शंभरात नव्वद. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदीही आहे. वहिनींशी बोलणं तोडू नका, हा कागद त्यांनाही दाखवा. त्यांचे तीन हजार आधीच गेले असतील.

गुणोत्तर १ असेल तर सूत्रात शून्य भागिले शून्य येतं. मग बेरीज किती? — एक विद्यार्थी, बार्शी

सूत्राला हातच लावू नकोस. ७, ७, ७… अशा न पदांची बेरीज ७न. वरची ओळ सरकवून बघ, ती तशीच्या तशी राहते, वजाबाकीत हाती काहीच लागत नाही. र हा १ पेक्षा लहान असेल तर (१ − र चा न वा घात) ÷ (१ − र) लिहितात ते निव्वळ उणे चिन्हं टाळायला. सूत्र तेच.

बाई, जुना लूम घ्यायला दोन लाख कर्ज काढतोय. बँक १२ टक्के म्हणते, हप्ता ९,४१५. एक खासगी फायनान्सवाला पण १२ टक्केच म्हणतो, "फ्लॅट", हप्ता १०,३३३. दोन्हीकडे हप्ते २४. बँकेत कागदं फार मागतात, हा दोन दिवसांत देतो, ४,००० प्रोसेसिंग फी आधी कापून. टक्के सारखे, मग हप्त्यात फरक कशाचा? — एक टॉवेल कारखानदार, अशोक चौक

अण्णा, फ्लॅटवाला दोन वर्षं अख्ख्या दोन लाखांवर व्याज लावतो: ४८,०००. मुदलात मिळवून २४ ने भागलं की १०,३३३. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तेविसाव्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम दोन हप्त्यांचे पैसे राहिलेले असतात. व्याज मात्र दोन लाखांवरच चालू.

बँकेचं १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का, तेही राहिलेल्या रकमेवर. एका महिन्यानंतर द्यायच्या रुपयाची आजची किंमत १ ÷ १.०१, दोन महिन्यांनंतरच्याची पुन्हा १.०१ ने भागून, असं २४ वेळा. ही भूमिती श्रेढीच. पहिलं पद १ ÷ १.०१ आणि गुणोत्तरही तेच. बेरीज २१.२४, म्हणजे दरमहा एक रुपया हप्ता भरला तर त्यावर आज २१.२४ रुपये कर्ज फिटतं. दोन लाखांना तिने भागा, ९,४१५ च्या आसपास येतं.

आता फायनान्सवाल्याची उलटतपासणी. २,००,००० भागिले १०,३३३ म्हणजे १९.३५. महिन्याला किती टक्के धरले की श्रेढीची बेरीज १९.३५ येते? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दर बदलत बदलत बघितलं, १.८ ला जमतं. वर्षाला साडेएकवीस टक्क्यांहून जास्त. दोन वर्षांत बँकेपेक्षा सुमारे २२,००० रुपये जादा.

त्यात ती फी. हातात पडणार १,९६,००० आणि हप्ता मात्र पूर्ण दोन लाखांचा. १,९६,००० भागिले १०,३३३ म्हणजे १८.९७. दर महिन्याला २ टक्क्यांना टेकला. बँकेतही फी असेल तर विचारून घ्या आणि ती दोन लाखांतून वजा करूनच भागाकार करा. आणि फायनान्सवाल्याला एक प्रश्न कागदावर लिहून विचारा: "सहा महिन्यांनी कर्ज फेडलं तर उरलेल्या अठरा महिन्यांचं व्याज सोडणार का?"