आकडा एका कामाचा की अख्ख्या गटाचा?

प्रश्न: अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे अपंगत्व-लाभाचे दावे चालवणाऱ्या वकिलांकडे मी सहायक आहे. एका सुनावणीत व्होकेशनल एक्स्पर्टनी (दावेदाराला जमतील अशी कामं आणि त्यांच्या नोकऱ्या किती, हे सांगणाऱ्या तज्ज्ञांनी) सांगितलं, की ‘टेबल वर्कर’च्या देशभरात 23,000 नोकऱ्या आहेत. सरकारी आकडेवारीवरून हे पडताळता येतं का?

उत्तर: थेट नाही, पण आकडा फुगवलेला आहे का, एवढं नक्की कळतं. कामांची नावं येतात डीओटी (डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स) या कोशातून, आणि त्यातली शेवटची सुधारणा 1991 ची. नोकऱ्या मोजतं ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, आणि तेही डीओटीप्रमाणे नाही, तर एसओसी या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणातल्या गटांप्रमाणे. डीओटीत बारा हजारांहून अधिक कामं आणि गट हजाराच्याही आत. म्हणजे एकेका गटात कितीतरी कामं कोंबलेली. सगळा घोळ इथेच होतो.

टेबल वर्करचा डीओटी क्रमांक 739.687-182. काम काय, तर पट्ट्यावरून सरकणाऱ्या लिनोलियमच्या फरशा तपासायच्या. ओ-नेट या सरकारी व्यवसाय-माहितीच्या संकेतस्थळावरच्या क्रॉसवॉकमध्ये (डीओटी क्रमांक एसओसी गटाशी जोडणाऱ्या तक्त्यात) हा क्रमांक टाकलात की गट मिळतो 51-9061: तपासनीस, चाचणी घेणारे, निवडणारे, वजन करणारे. ओईडब्ल्यूएस या ब्यूरोच्या रोजगार-वेतन पाहणीच्या तक्त्यात या गटात पाच लाखांहून अधिक नोकऱ्या दिसतात, पण त्यात गाड्यांचे सुटे भाग तपासणारेही आले. म्हणून त्याच पाहणीचा उद्योगवार तक्ता उघडा आणि फरशा बनवणारा उद्योग ज्या गटात मोडतो, तिथले 51-9061 चे लोक पाहा. ही झाली कमाल मर्यादा. खरा आकडा तिच्याही खाली, कारण त्याच उद्योगगटात इतर मालाचे कारखानेही असतात. एक्स्पर्टचा आकडा या मर्यादेच्या वर गेला, तर मुद्दा तुमच्या हाती आला.

काही एक्स्पर्ट गटाच्या बेरजेला त्यातल्या कामांच्या संख्येने सरळ भागतात. लिनोलियम तपासणारे आणि गाडीचे भाग तपासणारे संख्येने सारखेच, असं गृहीत धरायला कसलाच आधार नाही. 2018 च्या चावेझ निकालात सातव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने या पद्धतीवर नेमकं हेच बोट ठेवलं.

शिवाय ओईडब्ल्यूएसमध्ये पूर्णवेळ-अर्धवेळ हा भेद नाही, आणि बैठं काम किती तेही नाही. बैठ्या कामाचं प्रमाण ऑक्युपेशनल रिक्वायरमेंट्स सर्व्हे या ब्यूरोच्याच दुसऱ्या पाहणीत शोधा; मात्र तेही गटाचं असतं, एका कामाचं नाही.

सुनावणीतच विचारा: आकडा डीओटी क्रमांकाचा की गटाचा? कुठल्या वर्षाचा? कोणते उद्योग धरले? अर्धवेळ नोकऱ्या वगळल्या का, आणि कशा? 6 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या एसएसआर 24-3पी या सोशल सिक्युरिटीच्या नियमावलीप्रमाणे एक्स्पर्टनी माहितीचा स्रोत आणि अंदाजाची ढोबळ पद्धत सांगणं अपेक्षित आहे. ‘माझ्या अनुभवावरून’ एवढ्यावर सोडू नका. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या बीस्टेक निकालानुसार, एक्स्पर्टनी आपला खासगी विदा (डेटा) दिला नाही एवढ्यावरून साक्ष आपोआप बाद होत नाही, हे धरून चाला.

मुद्दा अपिलासाठी राखून ठेवू नका. नवव्या सर्किटने शैबी प्रकरणात, वकील असूनही सुनावणीत न काढलेला असा आक्षेप नंतर ऐकलाच नाही. लेखी निवेदनाला तक्त्यांच्या छापील प्रती तारखेसह जोडा आणि हिशोब शक्यतो दुसऱ्या एक्स्पर्टकडून लिहून घ्या. वकिलाने स्वतः केलेली आकडेमोड जज बऱ्याचदा बाजूला सारतात.