त्रिकोण समभुज, मग त्याला ‘बाजू’ कशा?

एका आईचा प्रश्न आलाय. मुलीच्या गणिताच्या वहीत लिहिलंय, ‘ज्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू समान तो समभुज त्रिकोण.’ मुलीनं विचारलं, बाजू समान आहेत तर ‘समबाजू’ का नाही म्हणत? आणि त्रिकोणाची परिमिती पण वर्तुळाचा परीघ, असे दोन वेगळे शब्द कशाला? आईला उत्तर देता आलं नाही.

मुलीनं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. भुज म्हणजे हात, हे आपल्याला चतुर्भुज, अष्टभुजा यांतून ठाऊक असतं. बाजू हा शब्द मात्र आपण कड, अंग, दिशा अशाच अर्थानं वापरतो: रस्त्याच्या बाजूला, नाण्याची दुसरी बाजू, बाजू घेणे. त्यामुळे दोन्हींचा काही संबंध असेल असं मनातच येत नाही. पण बाजू आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत बाज़ू म्हणजे हातच, त्यातही दंड. मराठीत हा जुना अर्थ एका दागिन्यानं जपून ठेवलाय. बाजूबंद आपण कुठे बांधतो? दंडावर.

म्हणजे समभुज आणि ‘तिन्ही बाजू समान’ यांत मुळात काहीच फरक नाही. दोन्हीकडे त्रिकोणाला तीन हात आहेत आणि ते सारख्या लांबीचे आहेत.

गोष्ट इथे संपत नाही. संस्कृतात हाताला बाहु असाही शब्द आहे. हा बाहु आणि फारसीतला बाज़ू एकाच मुळातून निघालेले आहेत. संस्कृतात जिथे ‘ह’ येतो तिथे इराणी भाषांमध्ये अनेकदा ‘ज़’ ऐकू येतो. ‘मी’ याला संस्कृतात अहम्, तर अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत अज़ेम. तसंच बाहु आणि बाज़ू. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावती या गणितग्रंथात त्रिकोणासाठी ‘त्रिबाहुक’ असा शब्द येतो. आपण आज ‘तीन बाजूंची आकृती’ म्हणतो तेव्हा त्याच बाहुचा इराणी भाऊ आपल्या तोंडी आलेला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

मग ‘समबाजू’ का झालं नाही? कारण परिभाषा घडवताना सामासिक शब्द संस्कृतातून घेतले: समभुज, समद्विभुज, विषमभुज. वाक्यात बोलताना मात्र रोजचा बाजू राहिला. आणि मराठी गणितानं या दोघांना वेगवेगळी कामंही वाटून दिली. त्रिकोणाच्या त्या बाजू, पण कोनाच्या त्या भुजा. कोनाची भुजा हा किरण असतो, हवा तेवढा वाढवता येतो, म्हणून तिची लांबी कुणी विचारत नाही. त्रिकोणाची बाजू हा रेषाखंड, तिला दोन टोकं, म्हणून तिची लांबी मोजता येते. हिंदीत त्रिकोणाच्याही ‘भुजा’च म्हणतात. मला मराठीतली ही वाटणी जास्त उपयोगाची वाटते आणि ती मोडू नये असं मनापासून वाटतं.

आता परिमिती. परि म्हणजे भोवती, मिती म्हणजे मोजणं. भूमिती आणि त्रिकोणमितीतली मिती तीच. परिमित, अपरिमित, अपरिमेय संख्या ही सगळी त्याच धातूची मंडळी. तेव्हा परिमिती म्हणजे कड नव्हे, कडेचं माप. म्हणून ‘परिमिती काढा’ असं म्हणतो, ‘परिमिती आखा’ असं म्हणत नाही. उत्तर साध्या सेंटिमीटरमध्ये लिहायचं, चौरस सेंटिमीटरमध्ये नाही, हेही त्या ‘परि’तच आहे: आपण भोवती चालतोय, आतली जागा भरत नाही.

लीलावतीत क्षेत्रफळाच्या सूत्रात याच मापासाठी ‘सर्वदोर्युति’ असं येतं. दोः म्हणजे पुन्हा हातच, युति म्हणजे बेरीज. सगळ्या हातांची बेरीज! तिला पुढे जोडलाय ‘दल’, म्हणजे अर्धं: आजची आपली अर्धपरिमिती. त्याच ग्रंथातला त्रिकोण घ्या: पाया १४, उरलेल्या बाजू १३ आणि १५. परिमिती ४२, अर्धी २१. या २१ मधून एकेक बाजू वजा केली की ७, ८ आणि ६. चौघांचा गुणाकार ७०५६, त्याचं वर्गमूळ ८४, हे क्षेत्रफळ. मुलीला उलटंही विचारा: परिमिती ४२, दोन बाजू १३ आणि १५, तर तिसरी किती? हातांची बेरीज हा अर्थ डोक्यात असला की ४२ मधून २८ वजा करायचे हे सूत्राशिवाय सुचतं.

परिघाचं थोडक्यात सांगतो. संस्कृतात वर्तुळाच्या घेराला परिधि म्हणत, हिंदीनं तोच ठेवला. मराठीत परीघ रुळला. संस्कृतात परिघ म्हणजे वेशीच्या दाराचा अडसर. शाकुंतलात राजाचे बाहू नगराच्या परिघासारखे लांब म्हटलेत. आज मात्र तो वर्तुळाचा, आणि ‘अनुभवाचा परीघ’सारख्या लाक्षणिक वापराचा शब्द आहे. परिमितीला असा लाक्षणिक अर्थ चिकटलेला नाही. लिहिताना परीघ दीर्घ, पण परिघाचा, परिघावर ऱ्हस्व. सरळ बाजू असतील तिथे परिमिती, वर्तुळ असेल तिथे परीघ, एवढं पाळलं की पुरे.

मुलीसाठी आणखी एक शब्द देतो, अक्षेत्र. एखादी बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तर ती आकृतीच नव्हे, असं लीलावतीत सांगितलंय. उदाहरण ३, ६ आणि ९ बाजूंच्या त्रिकोणाचं आहे आणि असं गणित घालणाऱ्याला ‘धृष्ट’ म्हटलंय. हे पटवायला तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवा, असंही तिथे म्हटलंय. घरच्या खराट्याचे तीन हीर घ्या. ३, ६ आणि ९ सेंटिमीटरचे तुकडे कापा. नऊचा आडवा ठेवून बाकीचे दोन त्याच्या दोन टोकांना लावा आणि मधे जुळवायला सांगा. ते जुळतात, पण नऊच्या अंगावर सपाट झोपूनच. मग सहाच्या जागी सातचा तुकडा द्या आणि मधला कोपरा वर उचलला जाताना तिला बघू द्या.