परसबागेतील घुशी आणि जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण

प्रश्न : आमच्या परसात कर्दळ, निशिगंध, सोनटक्का आणि जास्वंद ही झाडे बरीच वर्षे आहेत. यंदा पावसाळा सरताच घुशींनी कर्दळीचे व निशिगंधाचे कंद फस्त केले. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर बसून कळ्याही गळत आहेत. घरात लहान मुले व मांजर असल्याने विषारी औषधे नकोत. काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी जास्वंदीचे पाहू. तो पांढरा थर पिठ्या ढेकणांचा आहे. त्यांच्या अंगावरील मेणामुळे औषध आत पोहोचत नाही आणि नुसती फवारणी वाया जाते. झाडाच्या खोडावर मुंग्यांची ये-जा आहे का, हे नीट पाहावे. ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात, आणि म्हणून मुंग्यांची वाट अडविल्याशिवाय पुढचे उपाय टिकत नाहीत. खोडाला कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे (थेट सालीवर लावू नये) आणि भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्यांना तो आयताच पूल मिळतो.

आखडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. ते कंपोस्टमध्ये टाकू नयेत. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्यानंतर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूसही भिजेल असे फवारावे आणि दर आठवड्याने तीन-चार वेळा हेच करावे. ऊन असताना तेल फवारल्यास पाने करपतात. घरी अर्क करायचा असेल तर 1 लिटर पाण्यासाठी 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून त्याच दिवशी वापरावी. मात्र कोकणात कडुनिंब विरळाच, त्यामुळे तयार तेल सोयीचे.

एक सावधगिरी महत्त्वाची. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलीमस हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो, पण त्याची अळीही अंगावर पांढरे मेणाचे धागे बाळगते आणि ढेकणासारखीच दिसते. ती ढेकणांहून मोठी, लांब झालरींची व चपळ असते. अशा अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवावी. आपल्यापेक्षा त्या काम चोख करतात.

आता घुशी. तुमच्या मांजराकडून फार अपेक्षा ठेवू नका, कारण पूर्ण वाढलेली घूस अंगावर घेण्यास बहुतेक मांजरे कचरतात. प्रथम अडगळ, विटांचे ढीग व कुंपणालगतचे दाट गवत काढावे, आणि शिजलेले अन्न उघड्या खतखड्ड्यात टाकणे बंद करावे. सर्व बिळे संध्याकाळी मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वापरात आहेत, असे समजून त्यांच्याजवळ पिंजरे ठेवावेत. नव्या वस्तूला घूस बिचकते, म्हणून पहिले काही दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवावे, आत सुकट किंवा भाजलेले खोबरे ठेवावे आणि ती निर्धास्तपणे खाऊ लागली की मगच खटका लावावा. पकडलेली घूस दुसऱ्याच्या शेतात सोडणे योग्य नाही. विल्हेवाटीबाबत नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे विचारणा करावी. घुशी-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तेव्हा पिंजरा व बिळांची माती हाताळताना हातमोजे घालावेत.

कंद पुन्हा लावताना ते सुमारे 12 मिमी छिद्रांच्या, गंज न धरणाऱ्या लोखंडी जाळीच्या टोपलीत लावावेत. वरची बाजू कोंब येण्यापुरती मोकळी ठेवून कडा मातीच्या चार बोटे वर येऊ द्यावी. प्लास्टिकची जाळी घूस सहज कुरतडते. खर्च एकदाच होतो, आणि माझ्या मते घुशींविरुद्ध हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

प्रश्न : बिळांत डांबरगोळ्या किंवा मिरचीपूड टाकली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्या सेंद्रिय नाहीत, आणि मुलांनी वा पाळीव प्राण्यांनी गिळल्यास विषबाधा होते. मिरचीपूड निरुपद्रवी असली तरी एका सरीत धुऊन जाते.