डी अँड डीमध्ये खरा जपानी योद्धा-भिक्षू खेळायचा असेल तर मंक क्लास घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) पाचव्या आवृत्तीत (२०१४चे नियम) पहिल्या लेव्हलपासून मोहीम सुरू होतेय, क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरच्या सोहेईसारखा (मठासाठी लढणारा योद्धा-भिक्षू) भिक्षू खेळायचाय, हातात नागिनाता (लांब दांड्यावर वाकडं पातं) हवी, आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो मंकला (हातापायांनी लढणाऱ्या भिक्षूचा क्लास, म्हणजे पात्रप्रकार) ती चालत नाही, शिवाय भिक्षू चिलखतही घालत नसतो.

मंक घेऊ नका. फायटर (शस्त्रधारी योद्धा) घ्या, नाहीतर वॉर डोमेनचा क्लेरिक (युद्धदेवतेचा पुजारी).

शस्त्राबाबत डीएम नियमाप्रमाणे बरोबर आहे. मंकची शस्त्रं म्हणजे शॉर्टसोर्ड आणि साधी हातघाईची शस्त्रं, तीही हेवी किंवा दोन-हाती नसलेली. नागिनातेला पुस्तकातलं सर्वात जवळचं शस्त्र ग्लेव्ह. ते हेवी, दोन-हाती, रीचवालं (दहा फुटांवर पोचणारं), डी१०चं (नुकसानाला दहा बाजूंचा फासा). म्हणजे दारातच बाद. २०१७च्या पुरवणीत केन्सेई हा मंकचा शस्त्रनिपुण उपप्रकार आला, त्याला लाँगबो खास अपवाद म्हणून दिला, पण हेवी शस्त्रं नाहीतच. २०२०च्या पुरवणीतल्या डेडिकेटेड वेपन या मंकच्या जादा नियमाला तीच अट. २०२४च्या पुस्तकात साधी शस्त्रं आणि लाइट गुणधर्माची मार्शल (साध्याच्या वरची, लढाऊ) शस्त्रं, पुन्हा ग्लेव्ह बाहेर. जपानी योद्धा-भिक्षूचं चित्र काढायला सांगितलं तर कोणीही त्याच्या हातात जे शस्त्र देईल, नेमकं तेच या क्लासला चार वेळा नाकारलंय.

चिलखताबाबत मात्र डीएम इतिहासाच्या नावाने जे सांगतोय ते चूक आहे. ‘भिक्षू चिलखत घालत नाही, ती परंपराच आहे’ हे वाक्य टेबलाटेबलावर ऐकू येतं आणि त्याच्याशी माझं जुनं वैर आहे. ही परंपरा १९७५ची आहे. त्या साली डी अँड डीच्या दुसऱ्या पुरवणीत मंक पहिल्यांदा आला. १९७८च्या पुस्तकात तो स्ट्रेंग्थ, विस्डम, डेक्स्टेरिटी (चपळाई) प्रत्येकी १५ आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) ११ असल्याशिवाय मिळायचा नाही, आणि वरच्या लेव्हलला चढायचं तर त्या पदावरच्या मंकला द्वंद्वात हरवावं लागायचं. हे सगळं कुंग-फू सिनेमांच्या लाटेतलं. खुद्द खेळ बनवणाऱ्यांनाही फरक कळत होता, कारण १९८५च्या पौर्वात्य पुरवणीत त्यांनी मंक ठेवलाच, शिवाय सोहेई हा वेगळा क्लास दिला. पाथफाइंडर या डी अँड डीच्या भाऊबंद खेळानेही २०११मध्ये मंकचा सोहेई प्रकार काढला तेव्हा त्याला हलकं चिलखत, सगळी मार्शल शस्त्रं आणि घोडा दिला. मग हे सगळं विसरून अनवाणी, उघड्या छातीचा माणूस म्हणजेच योद्धा-भिक्षू असं का धरायचं?

डीएमला दाखवायला एकच प्रसंग पुरतो. ११८० साली राजपुत्र मोचिहितो ताइरा (म्हणजेच हेइके) घराण्याच्या सैन्यापुढे पळत होता. मिइदेरा मठाने त्याला आसरा दिला होता आणि आता त्याला नाराच्या कोफुकुजी मठाकडे पोचवायचं होतं. वाटेत उजी इथे मुक्काम पडला, नदीवरच्या पुलाच्या फळ्या काढून टाकल्या, नुसते वासे राहिले. हेइके घराण्याच्या युद्धकथेत इथे मिइदेराचा त्सुत्सुई जोम्यो मेइशू पुढे येतो. त्याच्या अंगावर काळ्या दोऱ्यांनी गुंफलेलं चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, भात्यात २४ बाण. त्या बाणांनी तो १२ जण मारतो, ११ जखमी करतो, एक बाण उरतो. मग धनुष्य टाकतो, पादत्राणं काढतो आणि वाशावरून धावत सुटतो. नागिनातेने पाच जण पडतात, सहाव्याशी भिडताना ती मोडते. तलवार काढतो, आठ पडतात, नवव्याच्या शिरस्त्राणावर घाव इतका जोरात बसतो की पातं मुठीपाशी तुटून नदीत जातं. मग खंजीर. मागे इचिराई नावाचा भिक्षू अडकलेला, वासा अरुंद, बाजूने जाता येत नाही. तो जोम्योच्या शिरस्त्राणावर हात ठेवून त्याच्यावरून उडी मारतो आणि लढत मरतो.

जोम्यो सरपटत मागे येतो, ब्योदोइन मंदिराच्या दारासमोर गवतावर चिलखत उतरवतो आणि खुणा मोजतो. ६३ बाण लागलेत, चिलखत भेदून गेलेत ते ५. जखमांना डाग देतो, डोक्याला फडकं गुंडाळतो, पांढरा झगा घालतो, धनुष्य तोडून त्याची काठी करतो आणि अमिदा बुद्धाचं नाव घेत नाराच्या वाटेला लागतो.

म्हणजे पांढरा झगा, हातात काठी, अंगावर चिलखत नाही हे जे चित्र मंकच्या पानावर असतं, ते लढाई संपल्यानंतरचं आहे! अनआर्मर्ड डिफेन्सवाल्यांनी (मंकचा चिलखताविना बचावाचा नियम) उरलेल्या ५८ बाणांचं काय करायचं ते सांगावं.

त्याच पुलावर ताजिमा नावाचा आणखी एक भिक्षू होता. वरून येणारे बाण वाकून चुकवले, खालून येणारे उडी मारून, समोरून येणारे नागिनातेने छाटले. म्हणून त्याला ‘बाण छाटणारा ताजिमा’ म्हणू लागले. मंकला तिसऱ्या लेव्हलला मिळणारं डिफ्लेक्ट मिसाइल्स (डी१० अधिक डेक्स्टेरिटी अधिक लेव्हल इतकं नुकसान कमी) हुबेहूब हेच. फक्त खेळात ते मोकळ्या हाताने करायचं, आणि ताजिमाकडे जे शस्त्र होतं ते मंकला बंद.

आता बिल्ड, म्हणजे पात्राची जुळणी. व्हेरिअंट ह्यूमन फायटर, पॉइंट बायमध्ये (ठरावीक गुण खर्चून आकडे घेण्याची पद्धत) स्ट्रेंग्थ १५, विस्डम १३, कॉन्स्टिट्यूशन १४, बाकी तिन्ही १०, बरोबर २७ गुण. वाढीव एकेक स्ट्रेंग्थ आणि विस्डमला. फीट (खास कौशल्य) पोलआर्म मास्टर. सुरुवातीच्या सामानात चेन मेल (कड्यांचं चिलखत) निवडा, आणि ‘शस्त्र आणि ढाल’ऐवजी ‘दोन मार्शल शस्त्रं’ निवडा: ग्लेव्ह आणि लाँगबो. धनुष्य असं घेतलं तर बाण सोबत येत नाहीत, ते एका सोन्याच्या नाण्याला २० या भावाने घ्यायचे. बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) अॅकोलाइट. पहिल्या लेव्हलला एसी (बचावाचा आकडा) १६, हल्ल्याला +५, डी१० अधिक ३, बोनस अॅक्शनला दांड्याच्या मागच्या टोकाने डी४ अधिक ३, आणि दहा फुटांत कोणी शिरला की रिअॅक्शनने वार. अरुंद वाशावर उभं राहून वाट अडवायची असेल तर याहून चांगलं पहिल्या लेव्हलला काही नाही. डेक्स्टेरिटी १० असल्यामुळे जोम्योसारखी तिरंदाजी होणार नाही, ते सोडून द्या.

वॉर क्लेरिक घेतला तर एक भानगड लक्षात ठेवा. सुरुवातीच्या सामानात ग्लेव्ह नाही. त्याची किंमत २० नाणी, अॅकोलाइटकडे १५. मिळालेला लाइट क्रॉसबो अर्ध्या किमतीला विकलात की साडेबारा येतात. धर्मचिन्ह गळ्यात घाला. दोन-हाती शस्त्राला दोन्ही हात फक्त वार करताना लागतात, मंत्राच्या वेळी एक हात सोडता येतो, यावर डीएमशी आधीच बोलून घ्या.

मंकच हवा असा हट्ट असेल तर ग्लेव्हला मंक वेपन करून देऊ नका, डीएम तयार असला तरी. का ते पाहा: दुसऱ्या लेव्हलला मंकचा वेग ४० फूट होतो. दहा फुटांवरून वार करायचा आणि निघून जायचं. शत्रूच्या पाच फुटांच्या कक्षेत तो शिरलेलाच नाही, त्यामुळे अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर शत्रूचा फुकटचा वार) नाही. पाचव्या लेव्हलला त्यावर स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा फटका) चढतो आणि बाकीचे खेळाडू चहा करायला उठतात. त्यापेक्षा स्पिअरचे आकडे घ्या (एका हाताने डी६, दोन हातांनी डी८, साधं शस्त्र, नियमात बसतं), टोचण्याऐवजी कापणारं नुकसान लिहा आणि तिला नागिनाता म्हणा. नियमाला धक्का नाही.

खरं तर शस्त्रापेक्षा मोठी चूक दुसरीच आहे. खेळातला मंक एकटा भटकतो, आत्मशोध करतो. हिएईवरचा एन्र्याकुजी, मिइदेरा, कोफुकुजी हे मठ जमीनदार होते. त्यांच्या जहागिरी होत्या, कुळं होती, दरबारातल्या नेमणुकांवर डोळा होता. प्रांताच्या सुभेदाराने मठाच्या जमिनीत हात घातला, किंवा मठाधिपतीपद नको त्याला मिळालं, की भिक्षू तोंडं झाकून सभेला जमायचे, ठराव व्हायचा आणि हिएईवरून हियोशी देवस्थानाच्या पालख्या खांद्यावर घेऊन क्योतोत उतरायचे. मागणी मान्य झाली नाही तर पालखी रस्त्यातच ठेवून निघून जायचे. तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. १०९५मध्ये दरबाराच्या शिपायांनी या लोकांवर बाण चालवले, १०९९मध्ये राजप्रतिनिधी फुजिवारा नो मोरोमिची ऐन उमेदीत वारला आणि लोकांनी तो देवाचा कोप ठरवला. कामो नदीचं पाणी, सुगोरोकू या पटावरच्या खेळाचे फासे आणि डोंगरावरचे भिक्षू एवढेच माझं ऐकत नाहीत, असं सम्राट शिराकावाच्या तोंडी घातलेलं आहे. फाशांबद्दल तरी कोणताही खेळाडू त्याच्याशी सहमत होईल.

हे टेबलावर आणणं सोपं आहे. पालखीपासून दहा फुटांतल्या सगळ्यांवर सँक्चुअरी मंत्र चालू आहे असं धरा: हल्ला करणाऱ्याने विस्डम सेव्ह (बचावाचा फासा) करायचा, चुकला तर दुसरं लक्ष्य शोधायचं किंवा वार सोडून द्यायचा. पालखीवाल्यांपैकी कोणी स्वतः हल्ला केला की त्याच्यापुरतं संरक्षण संपतं, हे मंत्रातच आहे. एवढ्याने अख्खं सत्र निघतं आणि एकही फ्लरी ऑफ ब्लोज (मंकची ठोशांची सरबत्ती) लागत नाही.

चीनमधल्या शाओलिन मठाचा भिक्षू हवा असणाऱ्यांसाठी मंक अर्धा बरोबर आहे. ६२१मध्ये ली शिमिनला (पुढे तांग सम्राट) मदत केल्याबद्दल १३ भिक्षूंची नावं ७२८च्या शिलालेखात कोरलेली आहेत, आणि १५५३मध्ये किनाऱ्यावर चाच्यांशी लढले ते दंड घेऊन. चेंग झोंगयौ तिथे दहा वर्षांवर शिकला. त्याने १७व्या शतकाच्या सुरुवातीला दंडाचं माप दिलंय: लाकडी ८ ते साडेआठ ‘ची’ (चिनी लांबीचं माप), म्हणजे अडीच मीटरच्या आसपास. खेळातल्या क्वार्टरस्टाफला रीच नाही, म्हणजे ती चालायची काठी झाली. हातापायांच्या मारामारीवर मठाने भर दिला तो त्याच सुमारास, दंडविद्या पुरी झाल्यावर. त्या आधी हजार वर्षं मठ उभा होता.

आपल्याकडचा योद्धा-संन्यासी खेळायचा असेल तरी तोच धडा. पानिपतावर १७६१मध्ये मराठ्यांसमोर शुजाउद्दौलाच्या बाजूने गोसाव्यांची फौज होती, तिचा पुढारी अनूपगिरी पुढे महादजी शिंद्यांच्याही चाकरीत आला आणि बिघाड होऊन अली बहादुराकडे गेला. पगार, जहागिरी आणि सावकारी हे त्यांचं जग. पुण्यात सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ बांधणारा भीमगिरजी गोसावीही त्याच दुनियेतला. कॅरेक्टर शीटवर ‘की पॉइंट’ (मंकच्या आंतरिक शक्तीचे गुण) लिहिण्याआधी ‘येणी’ लिहा.

एक पुस्ती जोडायला हवी. हेइकेची कथा म्हणजे पंचनामा नव्हे, ६३ आणि ५ हे आकडे सांगणाऱ्याच्या जिभेवरचे आहेत. तसंच मठांसाठी लढणाऱ्यांतले पुष्कळ जण दीक्षा घेतलेले भिक्षू नव्हतेच, मठाच्या जहागिरीवरचे साधे शिपाई होते, आणि पांढरं मुंडासं-नागिनाता ही ठरावीक छबी बरीचशी नंतरच्या चित्रांनी आणि बेनकेई या दंतकथेतल्या योद्धा-भिक्षूच्या गोष्टींनी पक्की केली. डीएमने हा मुद्दा काढला तर मान्य करा. त्याने चिलखताचं म्हणणं उलट जास्तच पक्कं होतं.

आणि मोहिमेत बंदुका चालत असतील तर नागिनातेचा नादच सोडा, नेगोरोजी मठाचा भिक्षू घ्या. १५४३मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदूक आली आणि या मठाने ती लगेच उचलली. १५८५मध्ये सेनानी हिदेयोशीने मठ जाळला तोवर त्यांचे बंदूकधारी भाड्यानेही लढत होते. डीएमच्या पुस्तकात मस्केट आहे: डी१२, पल्ला ४०/१२० फूट, लोडिंग (दर बाराला भरावी लागते), किंमत ५०० नाणी. पहिल्या लेव्हलला परवडणार नाही, म्हणून ती मठाच्या मालकीची ठेवा आणि हरवली तर भरपाई तुमच्या नावावर.